आपोआप काही होत नाही

माझा दादा जन्मभर एकच प्रश्न विचारत आला: लागली की लावली? आगीच्या कारणांचा तपास हे त्याचं काम. दुकान जळो की गोदाम, मालक बाहेर डोकं धरून बसलेला असे आणि हा आत राखेत वाकून भिंतीवरचे काळे डाग न्याहाळत असे. निवृत्त झाला तरी खोड गेली नाही. आमच्या घरात पाऊल टाकलं की आधी शेगडीकडे, मग वायरींकडे आणि मग आमच्याकडे बघतो, तिन्हीकडे सारख्याच संशयानं. वहिनी गेल्यापासून तो दर रविवारी आमच्याकडे जेवतो, म्हणजे हा तपास दर रविवारी होतो.

मी तरी कुठं कमी आहे? औषधांच्या दुकानात काउंटरला उभी असते. डॉक्टरची चिठ्ठी हातात आली की उजेडात धरून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. झोपेच्या गोळ्या मागणारा माणूस जरा जास्त गोड बोलला की माझ्या मनात पाल चुकचुकते, आणि बहुतेक वेळा माझा अंदाज बरोबर निघतो. एकाच आईची आम्ही लेकरं, करणार काय.

फरक एवढाच की मी देव मानते आणि दादा मानत नाही. त्यावरून रविवारी आमची जुंपते.

"हे टेबल बघ," मी म्हणायचे. "कुणीतरी केलं म्हणून झालं ना? मग एवढं मोठं जग असंच कसं होईल? आपोआप काही होत नाही, दादा."

"आणि तुझ्या देवाला कुणी केलं?"

"त्याला कुणी करावं लागत नाही."

"वा, शहाणे! म्हणजे एक गोष्ट कुणी न करता असलेली तुला चालते. मग ती जगच का नको? मध्ये आणखी एक माणूस कशाला घुसवतेस?"

"मग कसं झालं ते तू सांग."

"माहीत नाही," दादा ताठ बसून म्हणायचा. "माहीत नाही म्हणायला मला लाज वाटत नाही. तुला वाटते. कारण सापडलं नाही की तू लगेच तिथं कर्ता नेऊन बसवतेस. ह्याला ज्ञान म्हणत नाहीत, रिकामी जागा भरणं म्हणतात."

मग तो साक्षीदार बोलवायचा. ते टेबल आमच्या ह्यांनी केलेलं. ह्यांचा फर्निचरचा आणि पॉलिशचा कारखाना. कारखाना म्हणजे एक लांबट शेड, मागे छोटं अंगण आणि काम करणारे हे एकटेच.

"बोला जावईबापू, टेबल तुम्ही केलंत ना?"

"टेबल मी केलं," हे म्हणायचे. "लाकूड मी नाही केलं." आणि बटाट्यांचं भांडं पुढं सरकवायचे.

हे उत्तर कुणाच्या बाजूचं, ते आम्हाला दोघांनाही कधी कळलं नाही. ह्यांच्या अशा बोलण्यानं माझं डोकं फिरतं. माणसानं एक काय ते सांगावं.

त्या रविवारी पाऊस होता. एका हॉटेलच्या खुर्च्या सोमवारी द्यायच्या होत्या म्हणून हे सकाळीच शेडवर गेले आणि जेवायला उशिरा आले. आम्ही खोळंबून बसलो होतो. जेवून उठतोय तोच शेजारच्या टायरवाल्याचा फोन आला. आम्ही पोहोचलो तेव्हा छप्पर खाली आलं होतं आणि आगीचा बंब पाणी मारत होता. हे रस्त्याच्या कडेला भिजत उभे राहिले. रडले नाहीत, ओरडले नाहीत. हॉटेलच्या खुर्च्यांचं काय, एवढंच एकदा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, हा माणूस इतका शांत कसा?

तिथून सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. केर काढताना पलंगाखाली ह्यांची हत्यारांची पेटी दिसली. पटाशा, रंधे, वडिलांच्या हातचा जुना हातोडा, सगळं जागच्या जागी. ही पेटी कधी घरी येत नाही. शेड जळते आणि नेमकी पेटी तेवढी घरी?

"पेटी कधी आणलीत?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"काल येताना. आपलं मागचं दार घासतंय ना, जेवण झाल्यावर तासणार होतो."

मी मागचं दार उघडून बघितलं. लोण्यासारखं उघडलं. बंद केलं, पुन्हा उघडलं. कुठंही घासत नव्हतं. नुकताच ह्यांनी शेडचा विमाही वाढवून घेतला होता. मीच सही केली होती त्यावर, आणि सही करताना कशाला वाढवता म्हणून विचारलंही होतं. हॉटेलचा माल असतो, असं काहीतरी म्हणाले होते.

चौकशीला जो साहेब आला तो दादाचाच चेला निघाला. दादाच्या हाताखाली शिकलेला, दादाला 'सर' म्हणणारा. स्वयंपाकघरात बसून त्यानं ह्यांना सगळं विचारलं. वायरिंग? नवीन. शेगडी? नाही. सिगारेट? ओढत नाही. निघताना वीज? मेन स्विच बंद केला होता, आणि तो बंदच सापडला होता.

"मग तुम्हाला काय वाटतं?" साहेबानं विचारलं.

"चिंध्या," हे म्हणाले. "जवसाचं तेल चोळायच्या. रोज अंगणात तारेवर एकेक वेगळी वाळत घालतो. रविवारी पाऊस होता, घाई होती. खोक्यात टाकल्या आणि निघालो. त्या तेलाच्या चिंध्या ढिगात राहिल्या की आपोआप तापतात. त्यानंच पेटलं असणार. चूक माझीच आहे."

साहेब हसला. चांगलं हसला, वाईट नाही. "पॉलिशवाल्यांच्या प्रत्येक आगीत आम्हाला चिंध्याच सांगतात हो. चिंध्या जळून जातात, साक्षीला कुणी उरत नाही. आणि तुमच्यासारखा काटेकोर माणूस, जन्मभर तारेवर वाळत घालणारा, नेमका त्याच दिवशी विसरला?"

"विसरलो नाही. पाऊस होता."

"बरं. आता माझी अडचण ऐका. वायर नाही, शेगडी नाही, सिगारेट नाही, वीज नाही. सगळी कारणं तपासून झाली, एकही सापडलं नाही. कारण सापडलं नाही की मागे हात असतो. सरांनीच शिकवलंय आम्हाला. 'माहीत नाही' हे उत्तर आळशी माणसाचं, असं सर म्हणायचे. हो ना, सर?"

दादा दाराला टेकून उभा होता. त्यानं मान हलवली, सवयीनं. मग हलवायची थांबवली.

मला एकदम हसू फुटलं. प्रसंग हसण्याचा नव्हता, पण मी काय करू? "दादा, हे तर माझं वाक्य! कारण सापडत नाही, म्हणजे कर्ता आहे! इतकी वर्षं माझ्या ताटासमोर बसून ह्याच वाक्याची टर उडवतोयस, आणि ऑफिसात हेच शिकवत होतास?"

"ते वेगळं," दादा म्हणाला.

"कसं वेगळं? जगाच्या बाबतीत 'माहीत नाही' म्हणणारा शहाणा आणि शेडच्या बाबतीत म्हणणारा आळशी? साहेब, तुम्ही दहा कारणं शोधलीत. अकरावं नसेलच कशावरून? जे तुम्हाला सापडलं नाही ते नव्हतंच, हे तुम्हाला कसं कळलं?"

साहेबानं दादाकडे बघितलं, दादानं खिडकीकडे. मी मनातून खूश झाले होते, खोटं कशाला सांगू? दादाला असं कोंडीत धरायची संधी मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. हे खाली मान घालून नखातलं पॉलिश काढत होते.

जाताना साहेबानं सरळ सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्याला आपलं मत कळवायचं होतं. 'लावलेली' असं मत गेलं की विमा तर बुडालाच, शिवाय पोलिसात गुन्हा आणि कदाचित तुरुंग. सरांकडे बघून तो आठवडाभर थांबणार होता, जास्त नाही.

त्या आठवड्यात मी ह्यांचे खिसे तपासले. एकदा नाही. रुमाल, किल्ल्या, खिळे. फोन वाजला की हे बाहेर जाऊन बोलतात का, ते बघितलं. जात नव्हते, तेव्हा वाटलं, मुद्दाम जात नाहीत. गप्प बसले की वाटायचं काहीतरी लपवताहेत, आणि बोलले की वाटायचं पाठ केलंय. नेहमी म्हणायचे ना मी, कुणीतरी केल्याशिवाय काही होत नाही? आता तेच माझ्या मानगुटीवर बसलं होतं. शेड जळली. कुणीतरी जाळली. शेडमध्ये माणूस एकच.

शेवटी एकदा जिन्यात दादाला गाठलं आणि पेटीचं सांगून टाकलं. दाराचंही.

"मलाही पहिल्या दिवसापासून तेच वाटतंय," तो म्हणाला. "पण शहाणे, तू त्या दिवशी बोललीस तेव्हापासून मला झोप नाही. मी किती जणांच्या नावावर 'लावली' असं लिहिलं असेल, नुसतं मला कारण दिसलं नाही म्हणून? त्यांतले किती जण चिंध्याच म्हणत होते. मी एकदाही चिंध्या पेटवून बघितल्या नाहीत. पेटवून नाही, पेटतात का ते बघितलं नाही."

"मग बघ आता," मी म्हणाले.

वर हे चहा घेऊन उभे होते. दादा घाईघाईनं पावसाचं बोलायला लागला. ह्यांनी कप दिले आणि आत गेले.

पहिल्यांदा दादानं एकट्यानं केलं. आमच्या मागच्या अंगणात खोकं ठेवलं, तेलात बुडवलेल्या चिंध्या त्यात दाबून दाबून भरल्या, मध्ये तापमापक खुपसला आणि खुर्ची टाकून बसला. संध्याकाळपर्यंत काहीही झालं नाही. चिंध्या कोमट सुद्धा झाल्या नाहीत. दादा तापमापक पुसत उठला तेव्हा त्याचा चेहरा मला बघवला नाही. आणि माझ्या मनात आलं, संपलं. लावलीच.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. मी कचरा टाकायला निघाले आणि मागचं दार अडकलं. ढकललं तर करकरत घासत उघडलं. पावसात लाकूड फुगतं, एवढं न कळायला मी काय लहान मूल आहे? त्या रविवारीही पाऊसच होता. दाराचं खरं निघालं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण माझं मन लगेच म्हणालं, दार घासत होतं म्हणून शेड जाळली नाही असं थोडंच ठरतं? दाराचं निमित्त आयतं मिळालं असेल. संशयाला एकदा घरात घेतलं की तो जेवूनखाऊन तिथंच राहतो.

दादानं खोकं कसं भरलं, ते मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी कपाळाला हात लावला. "दाबून कशाला भरल्या? हवा कुठून जाणार? मी भिरकावल्या होत्या नुसत्या."

मग शनिवारी सकाळी पुन्हा मांडामांड झाली. या वेळी साहेबालाही बोलावलं. ह्यांनी तेच तेल आणलं, तशाच सुती चिंध्या फाडल्या, एक जुनी लाकडी फळी त्या चिंध्यांनी चोळली आणि चोळून झाली तशी एकेक चिंधी खोक्यात टाकत गेले, अजिबात न दाबता. मग हात पुसून बाजूला जाऊन उभे राहिले. साहेबानं स्वतः खोक्याच्या चारी बाजू तपासल्या, ह्यांच्या बाह्याही. कुणी जवळ जायचं नाही असं ठरलं.

दुपार झाली. दादा माझ्या शेजारी येऊन बसला.

"कुणाची प्रार्थना करतेयस?" त्यानं हळूच विचारलं. माझे ओठ हलत होते, मला कळलंही नव्हतं.

"तुला काय करायचंय?"

"नाही, बघ ना. तू देवाला सांगतेयस की ही गोष्ट कुणीही न करता होऊ दे. तो गोंधळेल बिचारा."

"गप रे."

"आणि मी," दादा म्हणाला, "मी जन्मभर सांगत आलो की जग आपोआप झालं असेल, आणि चार चिंध्या आपोआप पेटतील यावर माझा विश्वास बसत नाहीये." तो हसला, पण त्याचे हात गुडघ्यांवर घट्ट धरलेले होते.

"पेटल्या तरी तुझा देव-नाही सिद्ध होत नाही हं," मी म्हणाले. "तेलात तो गुण कुणी घातला?"

"आणि नाही पेटल्या तर तुझा देव सिद्ध होत नाही. नुसता तुझा नवरा आत जातो."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीला टेकून उभे होते, त्या दिवशी रस्त्यावर होते तितकेच शांत.

तापमापकातला पारा वर जायला लागला तेव्हा साहेब वाकला. मग वास आला, कडवट, जळक्या तेलाचा. मग खोक्याच्या मधून एक बारीक धूर निघाला, सरळ वर. कुणी हललं नाही. धूर दाट झाला, वरची चिंधी तपकिरी झाली, मग तिची कड लाल झाली आणि त्या लालीतून एक छोटीशी ज्योत उठली. अंगणात भर दुपारी, आम्हा चौघांच्या डोळ्यांसमोर, कुणीही हात न लावता.

"अगं बाई, खरंच की!" मी ओरडले. दोन्ही हात तोंडावर गेले, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "खरंच पेटलं! दादा, खरंच पेटलं!"

साहेबानं पाण्याची बादली ओतली. तो दादाला काहीतरी म्हणत होता, मत बदलतो, जुनी प्रकरणं, असं काहीतरी. दादा खुर्चीत बसला होता आणि हातानं डोळे झाकून घेतले होते. मी ह्यांच्याकडे धावले. मला वाटलं, हेही हसत असतील.

हे खोक्याकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"तू दचकलीस," हे म्हणाले.

"दचकणार नाही? पेटलं की हो!"

"मी नाही दचकलो. पेटणार हे मला माहीत होतं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चिंध्या." हे थांबले. "तू का दचकलीस?"



"मी साहेबांशी भांडले की," मी म्हणाले. "तुमच्यासमोर. कारण सापडलं नाही म्हणून कर्ता ठरवता येत नाही म्हणाले."

"भांडलीस. दादांशी वाद जिंकायला भांडलीस. 'ह्यांनी नाही केलं' असं एकदाही म्हणाली नाहीस. मी वाट बघत होतो." ह्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी दोन शब्द ऐकवले तरी असते. "तुझ्या देवानं तुला काय दाखवलंय गं? काही नाही. तरी दर रविवारी त्याच्या बाजूनं उभी राहतेस. मला मात्र अंगणात उभं करून पेटवून दाखवावं लागलं."

हे आत गेले, पेटी उचलली आणि मागचं दार तासायला बसले. संध्याकाळपर्यंत रंध्याचा आवाज येत होता. मी दोनदा जवळ गेले आणि दोनदा परत आले.

साहेबानं 'लागलेली' असं मत दिलं. शेड पुन्हा उभी राहतेय. दादा त्याच्या जुन्या ऑफिसात जाऊन बसतो, जुनी प्रकरणं उघडा म्हणतो, तिथं त्याला कुणी विचारत नाही. रविवारी जेवायला येतो, पण देवाचा विषय काढत नाही. मीही काढत नाही. हे आमच्याशी पूर्वीसारखेच बोलतात, बटाट्यांचं भांडं पुढं सरकवतात, मला हाक मारतात. कुणाला काही कळणार नाही.

गेल्या आठवड्यात हे उशिरा घरी आले. मी दार उघडलं. काही विचारलं नाही, विचारणार नव्हतेच, शपथ. ह्यांनी बूट काढले, खिशातून हार्डवेअरच्या दुकानाची पावती काढली, खरेदीची वेळ छापलेली, आणि सरळ करून माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"हे कशाला?" मी म्हणाले.

"असू दे," हे म्हणाले. रागानं नाही. "तुला लागतं."

आणि हात धुवायला गेले.